काचेच्या नळीलाही गुण आला

सत्त्वगुरूंनी माइकवरून "अकरावरून दीड" असं जाहीर केलं आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. व्यासपीठावर निवृत्त हेडमास्तर कमरेवर एक हात ठेवून, वाकून नमस्कार करत होते. खाली साठी ओलांडलेले दोनेकशे पुरुष टाळ्या वाजवत होते, कुणी रुमालाने डोळे टिपत होतं. ज्यांनी उभ्या जन्मात बायकोला आपल्या पोटदुखीचा पत्ता लागू दिला नाही, ते इथे दोनशे माणसांसमोर रात्रीतून किती वेळा उठावं लागतं ते मोकळेपणाने सांगत होते. मला विचाराल तर चमत्कार हाच. पण टाळ्या वाजत होत्या त्या चूर्णासाठी.

मी मागच्या रांगेत वहिनीशेजारी बसले होते. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का" असं विचारण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे न दिसणारी गोष्ट पाहून कुणी डोळे विस्फारले की माझं डोकं उठतं. तरीही आले होते, कारण पहिल्या रांगेत माझा सख्खा मोठा भाऊ बसला होता, आणि तो टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात तिला. तिच्यातला एक पदार्थ थोडाथोडा रक्तात उतरतो, त्याचं नाव पीएसए. रक्तात तो फार वाढला की डॉक्टरांना शंका येते, मग ते ग्रंथीचा तुकडा काढून तपासतात. दादाचा आकडा चौदा आला. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. पण दैव एवढं बरं की गाठ ग्रंथीच्या आतच होती. सर्जन म्हणाले, आताच काढून टाकू, सुटाल. ऑपरेशनची तारीखही दिली. आणि त्या तारखेच्या आधी बागेत फिरायला येणाऱ्या मित्रमंडळाने दादाला सत्त्वगुरूंकडे नेलं. तिथून घोडं पेंड खायला लागलं.

सत्त्वगुरू हे जुन्या पठडीतले बाबा नव्हते. दाढी नाही, जटा नाहीत, राख नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं लोण्यासारखं. "मी चमत्कार करत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. चमत्कार न करणाऱ्या बाबाएवढा धोकादायक बाबा नाही, हे आपलं माझं मत. पुढे ते सांगायचे की कॅन्सर म्हणजे दुसरंतिसरं काही नसून पेशींची उपासमार आहे. भुकेलेली पेशी पिसाळते, सैरावैरा वाढते. तिला कापू नका, जाळू नका, तिला जेवू घाला. आणि जेवण म्हणजे काय, तर जीवनसत्त्वं, तीही मूठ मूठ. अ, ब, क, ड, ई अशी सगळी बाराखडी एका चूर्णात कुटून त्यांनी भरली होती. पेशीचं पोट भरलं की ती लाजते म्हणे, आणि आपल्या जागी जाऊन गुमान बसते. लाजणाऱ्या पेशीचं वर्णन करताना गुरूंनी मान अशी खाली घातली की पुढच्या रांगेतले दोघे हळवे झाले.

आता तुम्ही म्हणाल, असले भोंदू गल्लोगल्ली मिळतात, यात विशेष काय? विशेष हे की याच्याकडे पुरावा होता. दर महिन्याला सभागृहात सगळ्यांसमोर रक्त काढायचे. नळ्यांवर सगळ्यांसमोर नावं चिकटवायची. त्या जायच्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या, चोख लॅबमध्ये, जिथे गुरूंना कुत्रंही ओळखत नव्हतं. आणि आकडे खरंच उतरायचे. कुणाचा नऊवरून एक, कुणाचा वीसवरून अडीच. दादाचा चौदावरून दोन झाला. मी स्वतः लॅबला फोन करून खात्री केली होती. रिपोर्ट खरा होता, शिक्का खरा होता, सही खरी होती.

दादाने ऑपरेशन रद्द केलं.

त्याला मूर्ख म्हणू नका, तो हक्क माझा एकटीचा आहे. दादाने चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. अंधाऱ्या खोबणीत, डोक्यावर टनभर लोखंड लटकत असताना, मीटरचा काटा शून्यावर आला की मगच तारेला हात लावायचा हा त्याचा धर्म. काटा म्हणेल ते खरं. ज्यांनी काट्याचं ऐकलं नाही असे त्याचे दोन सोबती त्याने खोबणीतून वर आणले होते. असा माणूस देवाला भुलत नाही, मंत्राला भुलत नाही. त्याला भुलवायचं तर काटाच हलवावा लागतो. मी त्याच्या घरी जाऊन तासभर घसा कोरडा केला तेव्हा त्याने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "चिमणे, सर्जन म्हणतो कॅन्सर आहे. यंत्र म्हणतं उतरला. मी कुणाचं ऐकू?"

वहिनी आत जाऊन रडली. तिला चूर्णावर विश्वास नव्हता, पण नवऱ्याच्या पोटावर सुरी फिरणार नाही या गोष्टीवर तिला विश्वास ठेवायचा होता, आणि त्याबद्दल तिला काय बोलणार? भाची, म्हणजे दादाची मुलगी, तेव्हा आठव्या महिन्यात माहेरी आली होती. ती बापाशी रोज भांडायची आणि हरायची.

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटी लॅब आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. चष्म्याचा नंबर वाढतोय म्हणून आल्या, आणि मी त्यांच्या डोळ्यात बॅटरी मारता मारता दादाचं सगळं पुराण ऐकवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं की त्याच रक्तातून थायरॉइड तपासलं होतं का. तपासलं होतं, मी म्हटलं, आणि त्यात म्हणे थायरॉइड उधळलेलं निघालं. थायरॉइड उधळलेला माणूस वाळतो, त्याचं काळीज धडधडतं, झोप उडते. आमचा दादा जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या घोरतो आणि पट्ट्याचं भोक दरवर्षी एकेक पुढे सरकतं. गुरूंनी त्याचाही अर्थ लावला होता, की ही शरीरात आलेली नवी ऊर्जा आहे.

डॉक्टरीणबाईंनी हनुवटी टेकवायच्या पट्टीवरून डोकं उचललं. रक्त काढायच्या दिवशी काही वेगळं देतात का, असं त्यांनी विचारलं. देत होते की. इतर दिवशी एक चमचा, आणि रक्ताच्या दिवशी पहाटे तीन चमचे, "पेशींना मेजवानी" म्हणून. त्यावर बाई हसल्या, पण ते हसू मला काही बरं दिसलं नाही.

"त्यात बायोटिन असणार," त्या म्हणाल्या. "केसांसाठी, नखांसाठी घेतात ना, ते जीवनसत्त्व. रोग तिथेच असणार तुमच्या भावाचा. यंत्राला दिसत नाहीये."

मग त्यांनी मला समजावलं आणि मी जमेल तसं तुम्हाला समजावते. यंत्र रक्तातला तो पदार्थ डोळ्यांनी बघत नाही, गळाने पकडतं. त्या गळाला एक हूक असतो, आणि तो हूक चाचणीच्या भांड्यातल्या कणांवर जाऊन अडकतो. जे अडकलं ते राहतं, बाकीचं धुऊन जातं, आणि राहिलं तेवढं यंत्र मोजतं. पुष्कळशा यंत्रांत हा हूक म्हणजेच बायोटिन. आता रक्तातच बायोटिनचा पूर आला तर अडकायच्या सगळ्या जागा तेच बळकावून बसतं. गळाने पकडलेला पदार्थ अडकायला जागाच उरत नाही, तो पाण्याबरोबर गटारात जातो. यंत्र मोजायला जातं तर काहीच नाही, मग ते बिचारं प्रामाणिकपणे लिहितं, दोन. थायरॉइडच्या एका चाचणीत हिशेब उलटा असतो, तिथे आकडा उगाच फुगतो. मला माझ्या धंद्यातलं समजलं. काही जण लायसन्ससाठी अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात, घडाघडा म्हणतात, आणि बाहेर पडताना माझ्याच काचेच्या दारावर आपटतात. तक्ता पास झाला म्हणून डोळे थोडेच सुधारतात?

आणि जीवनसत्त्वांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो तरी का, हे मी विचारलंच. त्या म्हणाल्या की ही आशा मोठमोठ्या डॉक्टरांनाही होती, म्हणून तर पस्तीस हजार पुरुषांना घेऊन तपासून पाहिलं. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कॅन्सर कमी झाला नाही, उलट थोडा वाढलाच. ज्याच्या अंगात कमतरता आहे त्याला द्यावंच, पण भरलेल्या हंड्यात पाणी ओतून हंडा मोठा होत नाही. गुरूंचं नाव ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. हा गृहस्थ पूर्वी लॅबांना चाचणीची रसायनं विकत फिरायचा, त्यांच्याकडेही येऊन गेला होता. हुकाची गोष्ट त्याला पाठ असणारच.

पुढच्या सभेला आम्ही तिघी गेलो, मी, डॉक्टरीणबाई आणि भाची. वहिनी आधीच दादाजवळ बसली होती. हेडमास्तरांचा पुन्हा सत्कार चालला होता. त्यांची पाठ हल्ली फार दुखत होती, उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांना खुर्ची दिली होती. गुरूंनी ते दुखणंही पदरात पाडून घेतलं. सत्त्व आता हाडांत मुरतंय, मुरताना कळा येणारच, असं त्यांनी सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या.

शंका असणाऱ्यांनी पुढे यावं, असं गुरू दर वेळी म्हणायचे. कुणी यायचं नाही म्हणूनच म्हणायचे. डॉक्टरीणबाई पुढे गेल्या. त्यांनी एवढंच मागितलं की बरणीतलं चिमूटभर चूर्ण पाण्यात विरघळवून त्यातला थेंब पोटाऐवजी काचेच्या नळीतल्या रक्तात टाकून बघू. नळीला ना भूक, ना पेशी, ना लाज. तिथेही आकडा उतरला तर समजायचं काय ते. गुरूंचा लोण्यासारखा आवाज जरा घट्ट झाला. चूर्ण हे श्रद्धेने पोटात घ्यायचं असतं, नळीत ओतणं हा त्याचा अपमान आहे, वगैरे सुरू झालं. सभेतूनही कुजबुज उठली की बाईंना बसवा खाली. तेवढ्यात दादा उभा राहिला.

"करू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "मी चाळीस वर्षं लिफ्टचा दोर तपासल्याशिवाय माणूस आत सोडला नाही. आपलं चूर्ण खरं आहे. भ्यायचं कशाला?"

बिचाऱ्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. गुरूंचा सगळ्यात पक्का भक्तच त्यांना कसोटीच्या तोंडी देत होता आणि गुरूंना नाही म्हणता येईना. रक्त कुणाचं, हा प्रश्न आला. भाची खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, पोट सावरत पुढे आली आणि बाही वर केली. "माझं घ्या," ती म्हणाली. "मी गरोदर आहे का, एवढंच विचारा यंत्राला. उत्तर सगळ्यांना आधीच दिसतंय."

पहिल्यांदाच त्या सभागृहात लोक मनापासून हसले.

रक्त काढलं. चूर्णाची बरणी दादाने स्वतः उचलली. तो आणि हेडमास्तरांचा मुलगा डॉक्टरीणबाईंबरोबर लॅबमध्ये गेले, मीही गेले. बाईंनी रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी दोन नळ्यांत घेतलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. एका नळीत चूर्णाच्या पाण्याचा थेंब दादाने टाकला, दुसरीत साध्या पाण्याचा, तोही त्यानेच. नळ्या यंत्रात त्यानेच ठेवल्या. मग तो स्टुलावर बसला आणि यंत्राकडे एकटक बघत राहिला. मी त्याला चहा विचारला तर त्याला ऐकूही गेलं नाही.

गरोदरपणात रक्तात वाढणारं हार्मोनही यंत्र असंच गळाने पकडून मोजतं; साध्या पाण्याच्या नळीत त्याचा आकडा हजारोंच्या घरात आला. गरोदर, यंत्र म्हणालं. चूर्णाच्या नळीचा आकडा आला जवळजवळ शून्य. यंत्राच्या मते आमची भाची गरोदरच नव्हती.

दादाने दोन्ही नळ्या उजेडात धरल्या, एकमेकींशेजारी, आणि खाली ठेवल्या. जिना उतरताना त्याने कठडा धरला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला जिन्याचा कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा सभागृह ताटकळत बसलेलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी आकडे वाचून दाखवले आणि हुकाची गोष्ट साध्या शब्दांत सांगितली. गुरू इतक्यात हार मानणारे नव्हते. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले की बघा, हीच तर चूर्णाची शक्ती, रक्तातलं जे जे अनावश्यक ते ते चूर्णाने गिळलं. भाचीने खालूनच विचारलं, "म्हणजे माझं बाळ अनावश्यक? का तेही लाजून बसलंय?" मग हसण्याचा असा लोट उठला की माइकचा आवाज त्यात बुडून गेला. नळी बरी झाली, नळीला घरी सोडा, असं कुणीतरी ओरडलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं.

हसणं ओसरलं तेव्हा हेडमास्तर खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते. त्यांनी गुरूंकडे पाहिलं नाही, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. वर्गातल्या एखाद्या भित्र्या पोराने विचारावं इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग माझी पाठ?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई खाली आल्या, त्यांच्याशेजारी बसल्या, हात हातात घेतला आणि म्हणाल्या की आज संध्याकाळीच हाडांच्या फोटोची सोय करते. ज्यांना एवढं समजत होतं त्यांना समजलं. प्रोस्टेटचा कॅन्सर ग्रंथीबाहेर पडला की बहुतेकदा हाडांकडेच धाव घेतो, आणि हेडमास्तरांच्या अंगात दीड वर्ष तो धावत असताना हे सभागृह चूर्णाच्या नावाने टाळ्या वाजवत होतं. माझा संताप संताप झाला. गुरूंच्या अंगावर धावून जावं असं वाटलं, पण माझ्याआधी दादा उठला होता.

तो गुरूंकडे गेला नाही. वहिनीकडे गेला आणि म्हणाला, "सर्जनचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? मी फाडून टाकलाय." वहिनीकडे होता. तिने तो कधीच टाकला नव्हता.

चूर्ण बंद करून आठवड्याने दादाचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा एकोणीस. आधी चौदा होता, लक्षात असू द्या. मधल्या महिन्यांत गाठीने ग्रंथीची भिंत ओलांडली होती. ऑपरेशन झालं, पण नुसत्या ऑपरेशनने भागलं नाही, पुढे किरणोपचाराच्या खेपा झाल्या, औषधं लागली, आणि जे एका सुरीत सुटलं असतं ते वर्षभर भोगावं लागलं. दादा आज आहे. नातीला मांडीवर घेऊन बसतो, थकतो, पण आहे. हेडमास्तर नाहीत.

सत्त्वगुरूंवर तक्रार झाली. जामीन मिळाला. ऐकते की हल्ली दुसऱ्या शहरात ते थायरॉइडवर चूर्ण देतात. तिथेही आकडे उतरत असतीलच, आणि तिथेही कुणाची तरी बहीण मागच्या रांगेत दात-ओठ खात बसली असेल.

तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी चारच शब्द सांगते. जीवनसत्त्व हे अन्न आहे, मंत्र नव्हे. अंगात कमी असेल तर डॉक्टर सांगतील, तेवढंच घ्या. रक्त तपासायला जाल तेव्हा कुठलीही पूड, गोळी, कॅप्सूल घेत असाल तर आधी सांगा, त्यात लाज कसली? खरा डॉक्टर तुम्हाला "याने बरं वाटेल" म्हणेल आणि "पुन्हा तपासू, दुसरीकडेही तपासून घ्या" असंही म्हणेल. तपासण्याला जो आडवा येतो, त्याच्या दारातून चपला घालून सरळ परत फिरा.

परवा दादा दुकानात आला होता. त्याला विचारलं, ते चार महिने फुकट गेले याचं वाईट वाटतं का रे? तो म्हणाला, "रोग माझ्या अंगात वाढत होता, चिमणे, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. माझ्याकडे बघून मागचे वाजवत होते."